चांद्याचा कोट, देवळें आणि मांडव

दिल्लीहून चेन्नईकडे जाणाऱ्या आगगाडींतून चंद्रपूर शहर पाहणाऱ्यास तें धुराड्यांचें गांव वाटतें. कोळशाच्या खाणी, विजेचें प्रचंड केंद्र आणि वैशाखांतील दुःसह उष्मा, एवढ्याच कारणांनीं या गांवाचें नांव वर्तमानपत्रांत येत असतें. ताडोबाच्या वाघांनीं त्यांत अलीकडे थोडी भर घातली आहे इतकेंच. परंतु स्टेशनांतून निघून जुन्या वस्तीकडे वळलें कीं रस्ता एका उंच दगडी दरवाज्याशीं येतो. हा जटपुरा दरवाजा. हत्तीवर झेप घेतलेल्या सिंहाची आकृति त्यावर कोरलेली आहे. ती चांद्याच्या गोंड राजांची मुद्रा होय. या दरवाज्याच्या आंत जें गांव आहे त्याला जुनीं माणसें अजून चांदाच म्हणतात. या चांद्यांत आणि त्याच्या पलीकडच्या झाडीमुलुखांत माणसांनीं एकत्र जमण्याकरितां जीं स्थानें निर्माण केलीं, त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्यांत देवळें आहेत, समाध्या आहेत, ख्रिस्ती प्रार्थनामंदिरें आहेत, एक मोकळें मैदान आहे आणि नाटकाचे मांडवहि आहेत. त्यांपैकीं कांहीं अभंग उभीं आहेत, कांहीं ढासळलीं, आणि कांहीं तर दरसाल उभारून दरसाल मोडण्याकरितांच जन्मास येतात. कोणाच्या वाट्यास काय आलें व कां आलें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

गांवाच्या उत्पत्तीची दंतकथा कोटापासूनच सुरू होते. मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानें 1870 च्या सुमारास जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहितांना ती नोंदून ठेविली, आणि पुढील सर्व ग्रंथकारांनीं ती तेथूनच घेतली. खांडक्या बल्लाळशहा हा राजा वर्धा नदीच्या कांठीं बल्लारपुरास राहत असे. त्याच्या सर्वांगावर फोड होते आणि कोणत्याहि औषधानें त्याला गुण येईना. एके दिवशीं शिकारींत तहानेनें व्याकूळ होऊन तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत पाणी शोधीत असतां त्याला खडकांत एक लहानसें भोंक आढळलें. त्यांतलें पाणी तो प्याला व त्यानेंच त्यानें हातपाय धुतले. त्या रात्रीं राजाला गाढ झोंप लागली, आणि सकाळीं राणी पाहते तों अंगावरचे फोड नाहींसे झालेले! राणीनें ती जागा दाखविण्याचा आग्रह धरला. गवत व वाळू बाजूस सारतां खडकांत गाईच्या पांच पावलांचे ठसे दिसले, आणि प्रत्येक ठशांत पाणी होतें. राजाला अंचलेश्वराचा दृष्टांत झाला व तेथें देऊळ बांधावयास आरंभ झाला. पुढें एकदां देवळाचें काम पाहून राजा परतत होता. वाटेंत त्याला एक विलक्षण प्रकार दिसला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याच्या पाठीस लागला होता! कुत्रा पळतो आहे, ससा पाठलाग करतो आहे, असें मोठें रिंगण झालें. अखेरीस कुत्र्यानें उलटून सशास मारलें. राजानें घरीं येऊन ही हकीकत सांगितली तेव्हां राणीनें सल्ला दिला कीं, हा शुभ शकुन आहे. ज्या वाटेनें ससा धांवला त्या वाटेवर कोट बांधावा आणि आंत नगर वसवावें. सशाच्या कपाळावरील चांदावरून त्याचें नांव चांदा पडलें, असें म्हणतात.

सशाची गोष्ट खरी कीं खोटी याची चर्चा करण्याचें कारण नाहीं. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, या कथेंत राजा फक्त पाहतो आणि सांगतो. त्याचा अर्थ लावून वास्तु उभारावयास लावते ती राणी. चांद्याच्या पुढील इतिहासांतहि हेंच घडलें आहे.

कोटाचें काम एका पिढींत झालें नाहीं. धुंड्या रामशहाच्या कारकीर्दींत तें पुरें झालें असें परंपरा सांगते. इरई नदी पश्चिमेस व झरपट पूर्वेस, आणि मध्यें ही तटबंदी, अशी शहराची रचना आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे. त्यांखेरीज बगड, मसण, चोर, विठोबा व हनुमान या पांच खिडक्या. खिडकी म्हणजे येथें लहान दरवाजा. नऊ वाटांच्या या नऊ नांवांत गांवाचा सगळा संसार आला आहे. देवाला जावयाचें तें एका वाटेनें, मसणांत जावयाचें तें दुसऱ्या, आणि चोरासाठींहि एक खिडकी राखून ठेवलेली! 1818 च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांनीं या कोटाला खिंडार पाडलें आणि लढाईच्या दृष्टीनें त्याचें काम तेथेंच संपलें. तेव्हांपासून तो केवळ उभा आहे.

कोटाच्या आंतबाहेर ज्या वास्तूंमुळें चांद्यास शोभा आली, त्यांतील मुख्य वास्तु एका विधवा राणीनें उभारल्या वा नव्यानें बांधविल्या. तिचें नांव हिराई. तिचा पति बीरशहा हा सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभीं होऊन गेलेला राजा. बीरशहाची कन्या देवगडच्या गोंड घराण्यांतील दुर्गपाळ याला दिली होती. त्यानें तिचा अपमान केला. मुलीनें बापाकडे दाद मागितली. आणि बापानें, जांवयाचें मस्तक महाकालीस वाहीन, असा नवस केला. युद्धांत चांद्याची फौज मागें हटूं लागली तेव्हां राजानें देवीचा धांवा केला, आणि त्याची तलवार आपण होऊन म्यानाबाहेर आली, अशी कथा आहे. मस्तक देवीपुढें आणलें गेलें. महाकालीच्या देवळाच्या शिखरावर देवगडच्या दिशेस तोंड केलेलें एक दगडी मस्तक दाखवितात, तें दुर्गपाळाचें, असें सांगतात. बीरशहाचा अंतहि असाच रक्तपातांत झाला. त्यानें दुसरें लग्न करावयाचें ठरविलें आणि ऐन लग्नाच्या दिवशीं हिरामण नांवाच्या त्याच्याच रजपूत अंगरक्षकानें त्याला ठार केलें.

मागें राहिली हिराई. तिला पुत्र नव्हता. तिनें आप्त घराण्यांतील रामशहा या मुलास दत्तक घेतलें, तो वयांत येईपर्यंत राज्य सांभाळलें आणि बांधकामें काढलीं. महाकालीचें देऊळ तिनें बांधविलें, अंचलेश्वराच्या जुन्या स्थानीं नवें देऊळ उठविलें, आणि अंचलेश्वर दरवाज्याजवळ गोंड राजांच्या दफनभूमींत बीरशहाची समाधि बांधविली. तेथील समाध्यांत हीच सर्वांत मोठी व सर्वांत देखणी. दुसरी बायको आणावयास निघालेल्या नवऱ्यासाठीं पहिल्या बायकोनें उभारलेली ही इमारत आहे, हें आठवून तिच्याकडे पाहिलें म्हणजे कमानी व घुमट यांहून निराळें कांहीं दिसूं लागतें. ती निष्ठा होती, राज्याच्या प्रतिष्ठेचा विचार होता, कीं दोन्ही होतीं, हें दगड सांगत नाहींत. अंचलेश्वराच्या देवळाच्या भिंती मात्र बोलक्या आहेत. बाहेरच्या अंगास लहान लहान चौकटींत कोरलेल्या आकृतींची तेथें इतकी दाटी आहे कीं, सावकाश प्रदक्षिणा केल्याशिवाय त्यांतील निम्म्याहि नजरेस येत नाहींत.

या घराण्याचें राज्य 1751 सालीं नागपूरकर रघूजी भोसल्यांनीं घेतलें. म्हणजे हिराईच्या वास्तु बांधून पुरे पन्नास वर्षेंहि झालीं नसतील, तोंच त्यांचा धनी गेला. धनी गेल्यावर वास्तूचें काय होतें, याचा पडताळा येथून पुढें चांद्यांत पाहावयास मिळतो.

महाकालीला नवा धनी शोधावा लागला नाहीं. चैत्रांत तिची यात्रा भरते आणि पौर्णिमेस गर्दीचा कळस होतो. पण यात्रेंतली मुख्य गर्दी चांद्याची नसते. नांदेड, परभणी, हिंगोली या बाजूचे मराठवाड्यांतील लोक, तेलंगणांतील लोक, पोटाला पदरची भाकरी बांधून येणारे शेतकरी व मजूर, अंगावर आसूड ओढून घेणारे पोतराज, असा तो मेळा असतो. गोंड राणीच्या देवळांत मराठी आणि तेलुगु या दोन्ही भाषांत नवस बोलले जातात. झरपटेंत स्नान करून दर्शनास जावें असा परिपाठ आहे. ज्या नदीच्या पाण्यानें राजाचे फोड गेले त्याच नदीचें पाणी आतां शहराच्या सांडपाण्यानें कसें झालें आहे, हें मात्र यात्रेकरूंनाच विचारावें. देवळाला राजा नाहीं, पण दरसाल पायांनीं त्याची वाट मळत ठेवणारीं माणसें आहेत. त्यामुळें तें जुनें असूनहि पडकें नाहीं.

समाध्यांना अशी यात्रा नाहीं. त्या केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत, सभोंवतीं कुंपण आहे, आणि आंत शांतता आहे. ही शांतता मृतांना योग्य खरी. परंतु गांवांतील शाळकरी मुलाला हिराई कोण हें माहीत नसावें, इतकी ती गाढ असूं नये.

लालपेठच्या मूर्तींची स्थिति याहून चमत्कारिक आहे. गोंडांच्या काळांत रायप्पा नांवाच्या एका धनाढ्य वैश्यानें शंकराचें मोठें देऊळ बांधावयाचा संकल्प केला. देवळाआधीं त्यानें मूर्ति घडवून घेतल्या. एकेक मूर्ति एकेका अखंड शिळेची. त्यांतील दहा तोंडांची दुर्गा तर सुमारें 25 फूट लांबीची. गणपति, नंदी, मत्स्य, कूर्म हेहि त्याच मापानें. इतक्यांत रायप्पा वारला. देऊळ झालें नाहीं, मूर्ति उभ्या राहिल्या नाहींत. त्या उघड्यावर आडव्या पडून राहिल्या, त्या आजतागायत. दहा तोंडें पाहून लोकांनीं दुर्गेलाच रावण म्हणावयास आरंभ केला. भोंवतीं पुढें कोळशाच्या खाणी झाल्या, मजुरांच्या चाळी उठल्या, आणि ज्या देवीची कधीं पूजाच झाली नाहीं तिच्या अंगावर पावसाळ्यांत शेवाळ चढतें व उन्हाळ्यांत वाळतें. मूर्तींत दोष नाहीं. कारागिरानें आपलें काम चोख केलें होतें. त्यांच्यापाशीं जमण्याचा परिपाठ मात्र कधीं पडला नाहीं.

तरीहि केवळ वर्दळीनें दगड टिकतो असें समजणें चुकीचें ठरेल. वैनगंगेच्या कांठीं, चामोर्शीजवळ, मार्कंड्याचीं देवळें आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीं एकोणिसाव्या शतकांत त्यांचें वर्णन केलें तेव्हांपासून विद्वान् त्यांच्या शिल्पाची तुलना खजुराहोशीं करीत आले. नदी येथें उत्तरेकडे वळते, म्हणून स्थान पवित्र. महाशिवरात्रीस तेथें मोठी जत्रा भरते. पण पूर्वीं वीज पडून मुख्य देवळाची जी हानि झाली ती जत्रेनें भरून आली नाहीं, आणि आपल्या काळांत हातीं घेतलेलें दुरुस्तीचें काम वर्षानुवर्षें रेंगाळत राहिलें. भक्त येतो, नमस्कार करतो व जातो. पाथरवट थांबावा लागतो.

चांद्याच्या कोटाचीहि तीच अवस्था झाली होती. बुरुजांवर झाडें माजलीं, तटाच्या पायथ्याशीं कचरा सांचला, भिंतीला भिंत लावून घरें उभीं राहिलीं. 2017 सालीं इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनीं बंडू धोतरे यांच्या पुढाकारानें हातांत कोयते व फावडीं घेऊन कोट साफ करावयास घेतला. दररोज पहाटे येऊन, कांहीं तास श्रमून, हे लोक आपापल्या कामास जात. एक दिवस नव्हे, दोनशे दिवसांवर हा क्रम चालला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील आपल्या भाषणांत त्याचा उल्लेख केला, तेव्हां चांद्याला कोट आहे ही बातमी देशास प्रथमच कळली असावी! साफ झालेल्या तटावरून चालतां येऊं लागलें आणि लोक फिरावयास येऊं लागले. जटपुरा दरवाज्याचा प्रश्न मात्र राहिलाच. हत्तीच्या अंबारीच्या बेतानें काढलेल्या कमानींतून सगळ्या शहराची रहदारी जाते, आणि गर्दींत अडकलेला मनुष्य वर सिंह कोरला आहे कीं आणखी कांहीं, हें पाहत बसत नाहीं.

ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांची कथा या मानानें अलीकडची, तरी तींत एकदोन गोष्टी नवलाच्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चनें चांद्यास आपलें मिशन घातलें. या मिशनाच्या आरंभींच्या काळांत येथें काम करणाऱ्यांत एक गृहस्थ चित्पावन ब्राह्मण होते. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे काशींत वाढलेले षट्शास्त्रांचे अभ्यासक. 1848 सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हें नांव धारण केलें. षड्दर्शनांचें खंडन करणारा त्यांचा हिंदी ग्रंथ त्या काळीं बराच गाजला होता. काशीच्या घाटावर न्यायशास्त्राचा वाद घालणारा हा पंडित गोंडांच्या राजधानींत मराठींत येशूचें चरित्र सांगत होता, हें दृश्य एखाद्या कादंबरीकारालाहि सुचलें नसतें. 1970 सालीं उत्तर हिंदुस्थानांतील अनेक प्रॉटेस्टंट पंथ नागपुरास एकत्र झाले व त्यांचें एक चर्च झालें. स्कॉटिश मिशनचा वारसा त्यांत विलीन झाला.

दुसरी गोष्ट बल्लारपूरची. केरळांतील सिरो-मलबार ख्रिस्ती आपली परंपरा सेंट थॉमसपर्यंत नेतात. 1962 सालीं रोमनें त्यांना केरळाबाहेर धर्मकार्यासाठीं पहिलें क्षेत्र नेमून दिलें तें चांद्याचें. कर्मेल संघाच्या केरळीय पाद्र्यांकडे तें सोपविण्यांत आलें. 1977 मध्यें त्याची रीतसर धर्मप्रांत म्हणून स्थापना झाली. योगायोग असा कीं, ज्या 1962 सालीं हे पाद्री चांद्याकडे निघाले त्याच सालीं केरळांत त्यांची उपासना प्राचीन सुरियानी भाषा सोडून मलयाळममध्यें होऊं लागली होती. मातृभाषेंत प्रार्थना करावयास नुकतेच शिकलेले हे लोक येथें येऊन मराठी शिकले. बिशपचें मुख्य मंदिर चांद्यांत नाहीं. खांडक्या बल्लाळशहानें जें बल्लारपूर सोडलें, तेथें तें आहे. राजधानी नदीकांठाहून चांद्यास आली होती. एका धर्माची गादी चांद्याचें नांव घेऊन पुन्हां नदीकांठीं गेली.

याच शहरांत एक स्थान असें आहे कीं तें निर्माण व्हावयास ना राणी लागली, ना मिशन. 14 ऑक्टोबर 1956 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व आपल्या अनुयायांना दिली, हें सर्वश्रुत आहे. त्यानंतर दोनच दिवसांनीं, 16 ऑक्टोबर रोजीं, त्यांनीं चांद्यास येऊन जमलेल्या अफाट समुदायास दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनीं हा समारंभ घडवून आणला होता. हेच खोब्रागडे पुढें राज्यसभेचे उपाध्यक्ष झाले. बाबासाहेबांची प्रकृति तेव्हां फार खालावली होती. यानंतर एकावन्नाव्या दिवशीं त्यांचें देहावसान झालें. ज्या मैदानावर त्या सायंकाळीं लोक उभे होते ती दीक्षाभूमि झाली. शेजारीं महाविद्यालय उभें राहिलें. दर वर्षीं 15 व 16 ऑक्टोबरला जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून पांढरीं वस्त्रें नेसलेलीं माणसें तेथें येतात, आणि परततांना बहुतेकांच्या हातीं पुस्तक असतें. महाकालीचा मेळा व हा मेळा यांत भेद पुष्कळ आहे. पण दोहोंतहि माणसें दुरून, स्वतःच्या खर्चानें, कोणी न बोलावतां येतात.

आतां उरला मांडव. त्यासाठीं चांदा सोडावें लागतें. चांदा फोर्ट या स्टेशनावरून गोंदियाकडे जाणारी गाडी मूल, सिंदेवाही, नागभीड करीत वडशास येते. हें गांव गडचिरोली जिल्ह्यांत आहे. तो जिल्हा 1982 सालीं चांद्यांतूनच वेगळा काढला गेला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानाच्या व जंगलाच्या पट्ट्यास झाडीपट्टी म्हणतात, आणि येथील नाटकाला झाडीपट्टीची रंगभूमि. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकास नाटक म्हटलें कीं नाट्यगृह आठवतें. येथें नाट्यगृहच नाहीं! दिवाळीच्या सुमारास मंडई भरूं लागते, धान कापून शेत मोकळें झालेलें असतें, आणि त्या शेतांतच कनाती बांधून रंगमंच उठतो. दिवसां शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्रीं नाटक. पाहुणे जांवई, लेकी, सोयरे त्या निमित्तानें गांवांत उतरलेले असतात. मुलामुलींचीं लग्नें याच गर्दींत ठरतात. दहाच्या सुमारास पडदा वर जातो तो पहांट होईपर्यंत खालीं येत नाहीं. पेटी-तबल्याची जोडी रंगमंचालगत बसलेली असते. नट गातो, रडवितो, हंसवितो, आणि प्रेक्षक घोंगडींत गुरफटून सगळें पाहत राहतो. याच्या मागें दंडार व खडी गंमत या जुन्या लोकनाट्यांची परंपरा आहे, तरी झाडीच्या नाटकास आपण नाटक आहोंत याचा मोठा अभिमान असतो.

वडसा ही या व्यवसायाची पेठ. हंगामापूर्वीं नाटकमंडळ्या तेथें आपल्या कचेऱ्या उघडतात, आणि गांवोगांवचे पुढारी येऊन तारखा ठरवितात. शहरांतील समीक्षक या नाटकांस भडक म्हणतात, व त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण ज्या रंगभूमीला तिकिटाचा पैसा धान विकून आलेला असतो तिला प्रेक्षकाचें मन राखावेंच लागतें. कुरखेडा तालुक्यांतील परशुराम खुणे या नटानें आयुष्यभर या मांडवांत विनोदी व गंभीर भूमिका केल्या. हजारों प्रयोग त्यांच्या नांवावर आहेत. 2023 सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली, तेव्हां दिल्लीच्या दरबारांत या कनातीच्या रंगभूमीची दखल घेतली गेली.

मांडवालाहि संकटें आलींच. 7 मे 2014 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यतींस मनाई केली. शंकरपट बंद झाला तेव्हां ज्या गांवीं पटामुळें पाहुणे येत, तेथें रात्रीच्या नाटकाचाहि आधार डळमळला. दिवसां धांवणाऱ्या बैलावर रात्रीं गाणाऱ्या नटाचें पोट असावें, हें न्यायालयाच्या कागदपत्रांत कोठें येणार? डिसेंबर 2021 मध्यें सशर्त परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्यें घटनापीठानें ती कायम केली. त्यांत मधलीं दोन वर्षें साथीच्या रोगानें गर्दीच बंद होती. तरी पट पुन्हां धांवले आणि कनाती पुन्हां बांधल्या गेल्या. होळीच्या सुमारास हंगाम संपतो. शेवटच्या प्रयोगानंतर सूर्य उगवतांना मांडवाचे बांबू उपसले जातात, पडदे ट्रकमध्यें चढतात, वडशाच्या कचेऱ्यांना कुलुपें लागतात, आणि काल राजा झालेला मनुष्य चेहऱ्यावरचा रंग नीट न पुसतांच आपल्या शेताच्या कामास लागतो.